चिडल्यावरची ओळख

टिंग! लेकीने माशांच्या टाकीवर चमचा वाजवला आणि घरातली शांतता मोडली. दोन दिवस नवऱ्याचा माझ्याशी अबोला होता. टाक्या धुताना मी त्याच्या बुटक्या सिक्लिड माशांच्या दोन जातींच्या माद्या एकाच बादलीत काढल्या होत्या. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या करड्या. मग अंदाजानेच परत सोडल्या, तर एकीने लगेच टाकीत ठेवलेल्या नारळाच्या करवंटीत अंडी घातली. टाकी चुकली असेल, तर पिल्लं भेसळीची आणि याची वर्षभराची मेहनत पाण्यात.

"काच वाजवू नकोस म्हणून कितीदा सांगायचं गं?" मी खेकसले.

तेवढ्यात करवंटीतून मादी तरातरा बाहेर आली. पिवळीधमक, अंगावर काळा पट्टा.

"पट्टा सलग आहे! दुसऱ्या जातीचा तुटक असतो. बरोबर टाकीत आहे गं ही!" नवरा अबोला विसरून ओरडला. "एरवी सगळ्या सारख्याच दिसतात. खरी ओळख चिडल्यावरच पटते."

दारावरची बेल वाजली. शेजारच्या काकू होत्या.

"अगंबाई, काकू! या ना, बसा," मी मधाळ आवाजात म्हणाले.

लेकीने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आई, मग खरी तू कुठली? आत्ताची, की मघाची?"