तेराव्यापुरती गोळी

"गोळी सोडल्यावर काय होईल, खरं सांगा," सुनेत्राताईंनी डॉक्टर शिकलगारांना विचारलं. पर्समधली डबी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती.

"ही गोळी दुःख पुसत नाही, नुसतं थोपवून धरते. सोडली की ते सगळं येईल, अगदी कालच घडल्यासारखं. हातपाय कापतील, झोप उडेल. आम्ही डोस हळूहळू उतरवू, सोबतीला राहू. पण रडावं तुम्हालाच लागेल."

त्याचीच तर भीती होती. नवरा, श्रीपाद, गेला तेव्हा गोळी फक्त तेराव्यापर्यंत लिहून दिली होती. पण तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी केतकीची शाळा होती, डबा करायचा होता. आज सोडू, उद्या सोडू म्हणता म्हणता तिसरीतली केतकी कॉलेजात गेली, आणि शेवटी तिनेच आईला इथे आणलं.

डोस निम्म्यावर आला, तेव्हाची गोष्ट. सकाळी चहा गाळताना सुनेत्राताईंनी नकळत श्रीपादचा कप काढला आणि ओट्याला धरून त्या खालीच बसल्या. केतकीने धावत येऊन त्यांना कुशीत घेतलं. कितीतरी वेळ त्या हमसून हमसून रडल्या.

मग पदराने तोंड पुसत त्यांनी विचारलं, "तेव्हा तू एवढीशी होतीस. तुला कोणी जवळ घेतलं गं?"

"तूच घेतलंस की," केतकी म्हणाली. "पण तुझ्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं. मला वाटलं, बाबा फक्त माझेच गेलेत."