बद्द आवाज

दवाखान्यातून एक पाय गमावून आल्यापासून डोमाजी अंगणातच झोपायचा. थंडी पडली, तरी बाज घरात नेऊ देईना.

कोळशाच्या खाणीत त्याचं काम एकच होतं. सगळ्यांच्या आधी पुढे जायचं आणि वरचं छत लोखंडी सब्बलीने ठोकून ऐकायचं. खणखणीत वाजलं की साथीदारांना बोलवायचं, बद्द वाजलं की मागे हटवायचं. त्या दिवशी साहेबाला माल काढायची घाई होती, त्याने ठोकूच दिलं नाही. छत डोमाजीवरच कोसळलं.

"अवो, हे आपलं घर आहे जी, खान नोहे," बायको शेवंता रोज विनवायची. तो तोंड फिरवून घ्यायचा.

आज बाजेला टेकवलेली त्याची कुबडी तिने उचलली, आत गेली आणि स्टुलावर चढून छत ठोकू लागली.

डोमाजीने कान टवकारले. दाराजवळ खणखणीत. मधोमध खणखणीत. त्याची बाज मावेल ती सगळी जागा खणखणीत. मग ती कोपऱ्याकडे सरकली, जिथे ती रात्री अंथरूण टाकायची.

बद्द.

"बाजूले हो!"

खाणीत द्यायची राहून गेलेली ती हाक घरभर घुमली. भिंत धरत, एका पायावर उड्या मारत त्याने तिला गाठलं आणि मनगट धरून ओढलं. वरून गिलाव्याचा पोपडा पडला, नेमका तिच्या उशीच्या जागी.

दोघंही धापा टाकत होते. मग डोमाजी म्हणाला, "माही बाज आत आन. अन् तुहं अंथरून तिच्यापाशी टाक."