फिल्टरवरची तारीख

छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन पहिल्याच नांगरणीला धूर ओकून बंद पडलं आणि सगळं खापर तिच्यावर फुटलं. तेल आणि फिल्टर तिनेच निवडले होते. बाळाला मांडीवर घेऊन, माहितीपुस्तिका वाचून, दुकानदाराचं डोकं खाऊन. बाळाच्या औषधावर लिहायची तशी नव्या फिल्टरवरही तिने नेलपॉलिशने तारीख घातली होती.

"वहिनी, पुस्तकं वाचून इंजिनं चालत नाहीत हो," धाकटे दीर हसले. नवरा मान खाली घालून उभा होता. बिचारा, माझ्यापायी खजील झालाय, तिला वाटलं.

तिने वाकून फिल्टरवरची काजळी पुसली. तारीख नव्हतीच. मनात पाल चुकचुकली, तशी ती शेजारी उभ्या असलेल्या दिरांच्या ट्रॅक्टरपाशी गेली आणि वाकून बघितलं. तिथे होती तारीख, गुलाबी, तिच्याच अक्षरातली.

"अहो, इकडे या! आपला नवा फिल्टर भाऊजींनी स्वतःच्या ट्रॅक्टरला लावलाय!"

नवरा जागचा हलला नाही. भावाकडे वळून तो पुटपुटला, "तरी तुला म्हटलं होतं, तारीख तेवढी पुसून घे."