कोवळे चार तास

व्याख्यानं पक्की डोक्यात बसावीत म्हणून मेंदू परिषदेला आलेल्या सगळ्या पाहुण्यांनी सकाळी नऊला गोळी घेतली होती. आता चार तास त्यांचे मेंदू तान्ह्या बाळासारखे कोवळे राहणार होते; कानावर पडेल ते जन्मभरासाठी कोरलं जाणार होतं. म्हणून संयोजक मृण्मयीने वाढप्यांना बजावलं होतं, "कुणावर डाफरायचं नाही. भांडीसुद्धा आदळायची नाहीत."

साडेदहाला चहाच्या टेबलाशी डॉ. टिपणीस आले. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी तिला भर वर्गात सुनावलं होतं, "संशोधन तुझ्या कुवतीतलं नाही. घरी बस." ते वाक्य तिच्या डोक्यातून कधी गेलंच नाही, आणि तेही कुठल्याही गोळीशिवाय. त्याचं उत्तर तिने केव्हाच पाठ करून ठेवलं होतं.

"आपण कुठे भेटलोय का?" टिपणीसांनी टक लावून पाहत विचारलं.

मृण्मयीने तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांच्या हातात कप दिला.

"तुमची विद्यार्थिनी, सर. चहा गरम आहे, जपून प्या."

त्यांनी हळूच फुंकर घातली. आता जन्मभर, कपाला ओठ लावण्याआधी, त्यांना तिचाच आवाज ऐकू येणार होता.