मशीनची निगा

"मशीनला हात कोणी लावला?" जीपमधून उतरता उतरताच धर्मराजने आवाज चढवला.

युसूफ वडगावच्या दूध सोसायटीत झाडलोट करणारी साखराबाई झाडू हातात धरून तशीच उभी राहिली. तिने पदर सावरला आणि मान खाली घातली.

धर्मराजचं डोकं फिरायला कारण होतं. अंबाजोगाईत बसून तो आसपासच्या गावांच्या हवेचा अंदाज बांधायचा. वारा, ऊन, उघडी पडलेली रानं, कारखान्याचा धूर, सगळं संगणकातल्या मॉडेलला पुरवलं की उद्या कुठे किती धूळ उडेल याचा आकडा मिळायचा. दुष्काळ पडल्यापासून मॉडेल रोज बोंब मारत होतं, हवा वाईट म्हणून. आणि सोसायटीच्या भिंतीवरचं हवा मोजायचं मशीन रोज सांगत होतं, हवा चांगली. शेवटी धर्मराजने मशीनवर भरवसा ठेवला आणि मॉडेलचा कान पिळला. मग दोन्हींचे आकडे असे जुळले, की वरिष्ठांनी त्याची पाठ थोपटली. महिनाभर गावोगाव मेसेज जात होता, उद्या हवा चांगली, बाहेर पडायला हरकत नाही.

परवापासून मात्र या मशीनचा धुळीचा आकडा सत्तरवरून एकदम तीनशेवर गेला होता.

"चूक झाली, साहेब," साखराबाई म्हणाली. "दोन दिस मशीनचं बघनं झालं न्हाई. मालकाला दवाखान्यात नेलतं. रानातल्या धुळीनं दमा उसळला त्यांचा."

"मशीनचं बघणं? ते काय?"

"तुमीच म्हनलते की, मावशी, ह्याला धुळीपासून जपा. मी ओलं गोणपाट गुंडाळते त्याला. सकाळ-संध्याकाळ भिजवते. परवा धुवायला काढलं आन् तसंच ऱ्हायलं." ती घाईघाईने म्हणाली, "सोसायटीचं पानी न्हाई घेत, साहेब. टँकरच्या दोन घागरी येतेत वाट्याला, त्यातली एक."

धर्मराज धारूरचा. टँकरच्या एका घागरीला किती वेळ उन्हात उभं राहावं लागतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मशीन बसवून गेल्यापासून चार महिन्यांत तो एकदाही ते बघायला आला नव्हता. मॉडेल खरं बोलत होतं आणि त्याचं तोंड त्यानेच बंद केलं होतं. शरमेने त्याला तिच्याकडे बघवेना.

"मालकांना दम्याचा त्रास, मग धुळीत कशाला जाऊ दिलंत?" विचारू नये ते त्याने विचारलं.

"आधी वावटळ दिसली की घरीच बसायचे. पर सोसायटीत तुमचा मेसेज वाचून दाखवतेत ना. मीच म्हनलं, जावा शेरडं घेऊन. साहेबानं बघूनच लिव्हलं आसंल."

धर्मराजने मोबाइलवर मशीनचा आकडा उघडला. त्याच्या कपाळावरची आठी पाहून साखराबाई जास्तच घाबरली. तिने धावत जाऊन आपली घागर आणली, गोणपाटावर निम्मी रिकामी केली आणि ते मशीनभोवती घट्ट गुंडाळलं. तिला अडवायचं सोडून तो नुसता बघत राहिला. त्याच्या हातातल्या मोबाइलवर आकडा उतरू लागला. तीनशे. दोनशे. नव्वद.

ओले हात पदराला पुसत साखराबाईने भीत भीत विचारलं, "झाली का, साहेब, हवा चांगली?"