वरातीपुढची हुदबा

नवऱ्यामुलाच्या बापाने, वेंदेलीनने, ऐन लग्नाच्या सकाळी ब्लाझेनाबाईंच्या अंगणात अक्कल पाजळली. "विहीणबाई, संगीताला आपण 'हुदबा' म्हणतो. हा शब्दच मुळी तारेवर गज ओढण्यावरून आलाय. तेव्हा वरातीपुढे माझे व्हायोलिनवाले. तुमच्या भावांच्या तुताऱ्या म्हणजे चुलीपुढची फुंकणी!"

"शब्द जन्मला तेव्हा तुमच्या पूर्वजांकडे पितळ नव्हतं, त्याला मी काय करू?" ब्लाझेनाबाई फणकारल्या.

पण वाजंत्री सुरू झाल्याशिवाय नवरीने उंबरा ओलांडायचा नाही, ही चेक मुलखातल्या मोरावियाची रीत. अपोलेना दारातच ताटकळली. तिकडे चर्चची घंटा वाजून दमली. लेकीचा रडवेला चेहरा पाहून शेवटी आईनेच हार खाल्ली. "ओढा बाबा तुमचे गज!"

गज तारेला टेकले आणि पावसाची सर कोसळली. व्हायोलिनं कोटात कोंबून सगळे वादक गोठ्यात पळाले. मग ब्लाझेनाबाईंच्या भावांनी तुताऱ्यांतलं पाणी झटकलं आणि अशी काही पोल्का नाचाची धून फुंकली, की अपोलेनाने उंबऱ्यावरून थेट चिखलातच उडी ठोकली. मागोमाग अख्खं वऱ्हाड उधळलं. सगळ्यांत उंच उड्या मारत होता वेंदेलीन, टोपी पडल्याचंही त्याला भान नव्हतं.

ब्लाझेनाबाईंनी त्याचा दंड धरून एक गरकन गिरकी घेतली आणि तुताऱ्यांच्या वरताण ओरडल्या, "शब्द तारेवरून येवो नाहीतर दोरीवरून, व्याहीबुवा! तुमच्यासारख्याचे पाय जिनं उचलले, ती हुदबा!"