हात पुरेल एवढा कट्टा

दोन घरांच्या मधे तीन फूट जागा सोडा, हा नियम ज्या कुणा साहेबानं केला, त्यानं शेजारच्या खिडकीतून आमटीची वाटी कधी घेतलेली नाही. घेतली असती तर आधी बाईच्या हाताची लांबी विचारली असती. नकाशावर शिक्का मारला आणि मोकळा झाला.

बोरगावच्या वाटेवरल्या त्या नव्या घरात जयाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. गज अजून बसले नव्हते. तिनं उजवा हात बाहेर काढला, बोटं ताणली, आत घेतला. पुन्हा काढला.

"कावळं हाकलतीयास व्हय?" भरमूनं विचारलं. तिचा नवरा. बेळगावात नोकरीला, आज खिडक्यांचे कट्टे ठरायचे म्हणून रजा टाकून आलेला.

भावकू गवंड्यानं खिडकीखाली आतल्या बाजूनं फळी टेकवली. "कट्टा किती आत घेऊ, अण्णा? फरशी कापायला सांगायचीय."

"अठरा इंच." भरमूनं मोबाइल पुढं केला. फोटोतली बाई कट्ट्यावर उशी टाकून कॉफी पीत होती. "असं बसता आलं पायजे."

"बसणार कोण?" जयाबाई म्हणाली. "माझं गुडघं वर चढत न्हाईत. तुमी रविवारी येणार, जेवणार, झोपणार. कट्टाच नको. भिंत हाय तेवढी बास."

भावकू हसला. "वैनी, लोक मांजराला बसायला जागा मागत्यात. तुमी भिंतीत कंजुषी करताय."

"मांजराला तुझ्या घरी ने."

भरमूला राग यायला हवा होता, आला नाही. नवल वाटलं. फरशीचा रंग, नळाची तोटी, कशालाच ही बाई नको म्हणाली नव्हती. मग या वीतभर फळीनं तिचं काय घोडं मारलं? त्यानं स्वतः फळी अठरा इंच आत धरली. "उभी ऱ्हाऊन तरी बघ."

जयाबाई फळीला पोट लावून उभी राहिली. हात लांबवला. जेमतेम मनगट भिंतीबाहेर गेलं.

"काय मापतीयास गं? नीट सांग की."

तिनं बाहेर बघितलं. समोर रवळूची खिडकी होती. रवळू भरमूचा थोरला भाऊ. वाटणी झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, बायकांनाही त्यांनी एकमेकींचं दार बंद केलं होतं. खिडकी बंद करायचं मात्र त्यांना सुचलं नाही. जुनं घर होतं तोवर मधे हातभराचा बोळ. रवळूच्या बायकोची, मालुआक्काची आमटी इकडं यायची. रिकामं भांडं परत देत नाहीत, म्हणून त्याच वाटीतून जयाबाईची भाजी तिकडं जायची. आणि दिलेली वाटी तिकडूनही रिकामी येत नाही. दोघी जावांनी रीत मोडली नाही, त्यामुळं वाटी कधी थांबलीच नाही. भरमू ती आमटी बायकोचीच समजून ओरपायचा आणि वर म्हणायचा, "तुझ्या हाताला चव हाय."

आज नव्या खिडकीतून पहिली वाटी यायची होती.

समोरच्या खिडकीचं पाखं उघडलं. वाटी बाहेर आली. जयाबाईनं फळीवरून अंग ताणलं. हात कमी पडला. हातभर कमी पडला.

वास आत आला. भरमूनं तो ओळखला, आणि बायकोकडं बघितलं. तिनं मान खाली घातली नाही.

मग त्यानं वाटी धरलेला हात बघितला. त्यात बांगड्या नव्हत्या. मनगट रुंद, अंगठ्याला तंबाखूचा डाग. तीन फुटांना मालुआक्काचा हात पुरला नसणार. तो हात रवळूचा होता.

भावकूनं कानावरची पेन्सिल काढली. "अण्णा, अठराच न्हवं? खूण करू?"

फळी अजून भरमूच्याच हातात होती. वाटी मधल्या मधे कलली होती, काठावरनं आमटीचा एक ओघळ खाली बोळात पडला.

"कोण हाय तिकडं?" पलीकडून रवळूचा आवाज आला. "हात अवघडला माझा. घेतोस का न्हाय? सांग की रं!"